आफ्रिकेला गेलेला मुऱ्हाळी

थाळनेर, ता. शिरपूर
२८ फेब्रुवारी १९९२

अहो,

नमस्कार. आत्याबाई, म्हणजे तुमच्या मातोश्री, शेजारीच बसल्यात आणि "पहिले नमस्कार लिख" म्हणून पेनाकडे डोळे लावून आहेत, म्हणून हा नमस्कार. एरवी परवा शिरपूरच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीतून हातसुद्धा न करता तोंड फिरवून बसलात, त्याला नमस्कार करावा असं काही नव्हतं. रडू येत होतं म्हणून तोंड फिरवलंत, हे मला कळलं. गावाला कळलं नाही, एवढ्यावर समाधान माना.

तुम्ही विमानात बसलात की नाही, नैरोबी आलं की नाही, इथे कळायला काही मार्ग नाही. हे पत्र प्रमिलाताईंच्या मोशीच्या पत्त्यावर टाकते आहे. तुमच्या आधी पोचलं तर ताई, फोडू नका, नवऱ्याचं आहे.

पारावर तुमच्याशिवाय दुसरा विषय नाही. झुलालतात्या म्हणतात, "बहीन आनाले गाडं लई जाणारा मुऱ्हाळी बठ्ठा देखात, इमानमा जाणारा हाऊ पहिलाच शे." खरंच आहे. आखाजी म्हणा की अक्षय्य तृतीया, सणाला लेक आपली आपण माहेरी येत नाही, भावाने जाऊन आणायची असते. ही रीत आपण मोडली नाही, फक्त समुद्रापलीकडे नेली. हिरवं लुगडं, खण, गूळ आणि ज्वारीच्या बिबड्यांचा डबा पिशवीत वरच ठेवलाय. विमानतळावर कोणी बिबडे हातात घेऊन हे काय म्हणून विचारलं असेल तर एक खाऊन दाखवला असेलच.

आता आत्याबाई पाणी भरायला गेल्यात, तेव्हा कामाचं लिहिते. जळगावच्या गिरधर मास्तरांनी जे सांगितलं ते त्या क्षणभर विसरत नाहीत. ते तिकडे शिकवतात, डिसेंबरात सुट्टीला आले आणि मुद्दाम इथवर येऊन सांगून गेले, की प्रमिलाताई एकट्याच मोठी गाडी चालवत पेट्रोल पंपावर दिसल्या. हिलालराव कुठे म्हणून विचारलं तर त्यांनी विषय बदलला. दुसऱ्यांदा विचारलं तर गाडी सुरू करून निघून गेल्या. तेव्हापासून आत्याबाईंच्या मनाने घेतलंय की जावयाने लेकीला टाकलं आणि लेक तोंड दाबून बसली आहे. ताईंच्या पत्रात हल्ली "आम्ही खुशाल" पलीकडे काही नसतं, हेही खरं.

म्हणून आत्याबाईंचा निरोप असा: विचारू नकोस, डोळ्यांनी बघ. पोर सुखात असेल तर आखाजीपुरती आण. नसेल तर कायमची आण. पश्चिमेची खोली त्यांनी सरकी काढून, सारवून ठेवली आहे.

तुम्ही पत्र दोन कागदांवर लिहा. एक आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि एक माझा. माझ्यावर खरं लिहा.

तुमची,
सुमन


मोशी, टांझानिया
८ मार्च १९९२

प्रिय सुमन,

हा तुझा कागद. आईचा वेगळा आहे, त्यात डोंगर आणि केळी आहेत.

पोचलो. नैरोबीहून बस धरली ती मोशीपर्यंत दोनदा बदलावी लागली. बसमध्ये आपल्या शिरपूर-चोपडा गाडीपेक्षा माणसं जास्त आणि कोंबड्या त्याहून जास्त. माझं इंग्रजी दहावी नापास, त्यांचं इंग्रजी त्याहून जरा बरं, पण मी एकटा म्हणून कोणी मला बाजूला पडू दिलं नाही. एका म्हातारीने शेंगा दिल्या, मी तिला बिबडा दिला. तिने तो आधी कानाशी नेऊन मोडून पाहिला आणि मग सगळ्या बसने एकेक तुकडा खाल्ला. डबा निम्मा झालाय, रागावू नकोस.

हद्दीवर साहेबाने विचारलं, कशासाठी आलास? मी म्हटलं, बहिणीला न्यायला. आजारी आहे का? नाही, सण आहे. मग शेजारच्या साहेबाला बोलावून त्याने माझं म्हणणं त्याच्या भाषेत सांगितलं, दोघं हसले आणि शिक्का मारला. चांगले लोक आहेत. मला जन्मात कधी वाटलं नव्हतं की मी असा परक्या मुलखात बस बदलत एकटा फिरेन. भीती वाटली, पण मजाही आली. खोटं का सांगू?

मोशीच्या स्टँडवर प्रमिला आली. लँडरोव्हर घेऊन आली. स्वतः चालवत. पदर खोचलेला, पायात बूट, आणि गाडी अशी मागे घेतली की मी ट्रॅक्टरसुद्धा तसा घेत नाही. मला बघून गळ्यात पडली आणि रडली. मग पिशवीतलं लुगडं पाहून पुन्हा रडली. मी विचारलं, "हिलालराव?" तर म्हणाली, "शाळेच्या कामाने बाहेरगावी आहेत." कुठे? "लांब." कधी येणार? "बघू."

सुमन, मी डोळ्यांनी बघितलं ते लिहितो. त्यांचा दाढीचा आरसा धुळीने भरलाय. त्यांच्या खाटेवर मक्याची पोती ठेवली आहेत. दाराशी पुरुषाची चप्पल नाही. प्रमिला वाळली आहे. काल एका लॉरी ड्रायव्हरच्या हाती तिने डबा आणि धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं दिलं. कोणाला म्हणून विचारलं तर "ओळखीच्या माणसाला" म्हणाली. कपडे पुरुषाचे होते. म्हणजे तो तिकडे कुठेतरी दुसरीकडे राहतो, आणि ही अजून त्याचे कपडे धुऊन पाठवते! माझं डोकं असं तापलं की मी उठून केळीच्या बागेत जाऊन बसलो.

बाग मात्र बघण्यासारखी. इथे केळी डोंगराच्या अंगावर, मोठ्या झाडांच्या सावलीत. आपण पिलं कापून टाकतो, हे लोक आईभोवती चार-चार पिलं तशीच वाढवतात. हिरवी केळी मटणात शिजवून जेवतात. मी सांगितलं, आमच्याकडे असं कोणी केलं तर त्याला वेडा म्हणतील. त्यांनी विचारलं, मग तुम्ही जेवता काय?

शिंदखेड्याच्या त्या घरात आपण पोर दिली तेव्हा हिलालरावांसारखा माणूस दिवा लावून शोधला तरी सापडणार नाही, असं मीच म्हणालो होतो. आता मी त्याला गाठणार. प्रमिलाला म्हटलं, जिथे असेल तिथे मला ने. ती म्हणाली, "शाळेची गाडी मोकळी झाली की नेते." आईला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस.

तुझा,
लोटन


थाळनेर
२१ मार्च १९९२

अहो,

कळलं. तुमचं अक्षर न अक्षर कळलं त्यांना. माझा दोष नाही, आणि असला तरी आधी ऐकून घ्या.

पत्र आलं तेव्हा मी त्यांचा कागद मोठ्याने वाचला. डोंगर वाचला, केळी वाचली, शेंगा देणारी म्हातारी मी माझ्या कागदातली घातली. आत्याबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कागद दोन शेतस. तू एकच वाची ऱ्हायनी." मी म्हटलं, दुसऱ्यावर शेतीचं आहे. दुसऱ्या दिवशी मी नदीवर गेले आणि त्यांनी माझ्या उशीखालून कागद काढून पुना पोस्टमनला ओट्यावर बसवून वाचायला लावला. पुना बिचारा सरळ माणूस. त्याने आरसा, पोती, चप्पल, कपड्यांचं गाठोडं, सगळं पोस्टाच्या इमानदारीने वाचलं.

मी आले तेव्हा त्या नवं लुगडं नेसून तयार. मला वाटलं, रडतील. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. "मी शिंदखेडाले जाई ऱ्हायनू," एवढंच. मी पायाला धरलं, म्हटलं, तुमच्या मुलाचं दुसरं पत्र येऊ द्या. तर म्हणतात, "तीन महिना थांबनू. आते नही." मग मीही पदर घेतला आणि निघाले. एकटं कसं सोडू?

शिंदखेड्याला मंजुळाबाई अंगणात गहू निवडत होत्या. विहीणबाई आल्या म्हणून लगबगीने उठल्या, तांब्या आणला. आपल्यात लेकीच्या सासरचं पाणी पीत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक, पण पुढे करायचा तो तांब्या त्यांनी केला. आत्याबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. अंगणातच उभं राहून, गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, तुमना पोऱ्यानी मनी पोर टाकी दिन्ही. कथा शे तो? सांगा!"

मंजुळाबाई म्हणाल्या, "मना पोऱ्या तसा नही." मग आत्याबाईंनी पुढे केलेला तुमचा कागद बघून मला म्हणाल्या, वाच. मी वाचलं. न वाचून काय करणार? कपड्यांच्या गाठोड्याशी आले तेव्हा त्यांच्या हातातलं सूप खाली ठेवलेलं दिसलं. त्यांनाही दोन महिन्यांत मुलाचं पत्र नव्हतं. एकदाही उलट बोलल्या नाहीत हो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसत्या आत गेल्या आणि दार लोटलं. परतताना एस.टी.त आत्याबाईंनी एकदाच विचारलं, "जास्ती व्हयनं का वं सुमन?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यांच्या शेजारच्या बेबाबाई बाजाराला भेटल्या, त्या सांगत होत्या, मंजुळाबाई तेव्हापासून दाराबाहेर पडत नाहीत, देवळात जात नाहीत, अर्धी भाकर खाल्ली तर खाल्ली. थोरला मुलगा आग्रा रोडवर ट्रकखाली गेला, तेव्हासुद्धा दिवस झाले की उठून शेतात गेल्या होत्या. आता मात्र म्हणतात, "पोऱ्यानी मनं नाक कापं, कोन्हले तोंड दखाडू?"

मला फार अपराध्यासारखं वाटतंय. पण तुमच्या बहिणीचं वाळलेलं तोंड डोळ्यांपुढे येतं आणि वाटतं, आत्याबाईंनी काय चूक केली? काय असेल ते लवकर कळवा. घेऊन या त्यांना. खोली तयार आहे.

सुमन


सिंगिडा, टांझानिया
२४ मार्च १९९२

प्रिय सुमन,

हे पत्र दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. घाबरू नकोस, आधी शेवट सांगतो: सगळं ठीक आहे. प्रमिलाला कोणी टाकलेलं नाही. हिलालराव पळून गेलेले नाहीत, पळू शकत नाहीत. त्यांची मांडी मोडली आहे. आता पहिल्यापासून ऐक.

शाळेची गाडी मिळाली आणि आम्ही दोघं बहीण-भाऊ निघालो. दोन दिवसांचा रस्ता. पहिला अर्धा दिवस डांबरी, मग डांबराने राम म्हटला. इथे आता पावसाचे दिवस आहेत. दुतर्फा गवत, मध्येच फुगलेल्या खोडाची झाडं, लाल कांबळी पांघरून गुरं राखणारी उंच उंच माणसं. एका ठिकाणी तीन जिराफ रस्त्यातच उभे. प्रमिलाने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "यांची घाई नसते दादा, बस." आपल्याकडे म्हैस आडवी आली तरी मी हॉर्नवर बसतो. इथे मी गुपचूप बसलो आणि ते जाईपर्यंत बघत राहिलो. तू हवी होतीस. खरंच सांगतो, त्या वेळी तुझीच आठवण आली.

मुक्काम बाबाटी नावाच्या गावी तिच्या ओळखीच्या मास्तरीणबाईंकडे. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने स्टिअरिंग घेतलं. म्हटलं, वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, बाईमाणसाच्या शेजारी किती बसू? पुढे काळी माती लागली. आपल्या कपाशीच्या रानासारखीच काळी, म्हणून मला वाटलं, ओळखीची आहे. ओळख काही कामाला आली नाही. गाडी रुतली ती आसापर्यंत. प्रमिला उतरली, बूट काढले, पदर कमरेला बांधला आणि फावडं घेऊन चाकापुढचा चिखल उपसायला लागली. मी झाडाच्या फांद्या तोडून चाकाखाली घालत होतो. तिचे ते हात बघितले आणि माझा बांध फुटला. ओरडलो, "नवऱ्याने टाकलं तरी तोंडातून शब्द काढत नाहीस? आम्ही मेलो होतो का?"

ती फावडं टेकून हसायला लागली. चिखलात बसून हसली. "दादा, तुम्हांला असं वाटलं? सगळ्यांना?" आणि मग हसता हसता रडली आणि सांगितलं.

नोव्हेंबरात हिलालराव परीक्षेच्या कामाला निघाले होते, एका लॉरीत बसून. याच रस्त्यावर लॉरी उलटली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं, आत पू झाला, तीन वेळा कापलं. हलवता येत नव्हतं म्हणून इथेच मिशनच्या दवाखान्यात. गाडी मिळेल तेव्हा प्रमिला एवढा रस्ता एकटी तुडवते, नाही मिळाली तर लॉरीवाल्यांच्या हाती डबा आणि कपडे धाडते. गिरधर मास्तरांना ती दिसली ती अशीच इकडे येताना. आणि गप्प का? तर हिलालरावांनी तिला शपथ घातली होती. त्यांचा थोरला भाऊ गाडीखाली गेला हे तुला ठाऊक आहेच. "आता माझाही अपघात झाला असं कळलं तर आई त्याच जागी प्राण सोडेल. मी पायावर उभा राहिल्याशिवाय शिंदखेड्याला एक अक्षर नाही, आणि थाळनेरला कळवलं म्हणजे शिंदखेड्याला कळवलंच." त्यांना वाटलं होतं, महिन्याचा प्रश्न आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ते दोन कुबड्यांवर फाटकापर्यंत चालत आले. मी त्यांना बडवायच्या तयारीने निघालो होतो, सुमन. त्यांचं हे असं निम्मं झालेलं अंग आणि ते हसणं बघून मीच वाकून त्यांच्या पायाला हात लावला, ते माझ्याहून लहान असून. म्हणाले, "मुऱ्हाळी आले का? आता आमचा स्वयंपाक कोण करणार?" मला एवढं हलकं वाटतंय की काय सांगू. छातीवर ठेवलेली पाटी कोणी उतरवून घ्यावी तसं झालंय.

हाड जुळलंय. महिन्याभरात काठीवर येतील, पण विमानात पाय लोंबकळत इतका वेळ बसायला डॉक्टर आपल्याकडच्या पावसाळ्यापर्यंत नाही म्हणतात. म्हणून प्रमिला आखाजीला येणार नाही. लुगडं छातीशी धरून म्हणाली, "दादा, तू मला न्यायला मूळ घेऊन आलास, मला तेवढं पुष्कळ झालं. पण यांना सोडून नाही." मुऱ्हाळी रिकामा परतला तर आईला काय वाटेल, गाव काय म्हणेल, हे तू आधी सांभाळ.

आणि एक, हात जोडून. आईला सगळं सांग, पण शिंदखेड्याला यातलं चकार शब्द जाऊ देऊ नकोस. मंजुळाबाईंना काही झालं तर हिलालराव आम्हांला माफ करणार नाहीत. मी त्यांना वचन दिलंय.

तुझा,
लोटन


थाळनेर
७ एप्रिल १९९२

अहो,

तुमचं पत्र परवा आलं. हिलालराव फाटकापर्यंत आले तिथे मी रडले, आणि शेवटची ओळ वाचून कपाळावर हात मारून घेतला. माझं एकवीस तारखेचं पत्र एव्हाना तुमच्या हाती पडलंच असेल. तुम्ही शपथ पाळायला सांगताय त्या बाईंना आम्ही आधीच जिवंतपणी मारून ठेवलंय.

या वेळी दोन्ही कागद मी आत्याबाईंना वाचून दाखवले. त्या खांबाला टेकून बसल्या. "मनी पोर चिखल उपसस," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. पण ते रडणं वेगळं होतं. मग मी शपथेचं वाचलं. आत्याबाई एकदम उभ्या राहिल्या. "शपथ त्यानी घाली, प्रमिलानी पाळी. मी कोन्हले शबद दिन्हा नही. चाल!"

मी म्हटलं, आणि त्यांना धक्का बसला तर? जीवच गेला तर? आत्याबाई लुगड्याच्या निऱ्या घालत म्हणाल्या, "पहिलेच जाई ऱ्हायना तो." तुमचं वचन मी मोडलं ते असं. परत आल्यावर काय बोलायचं ते बोला.

दार वाजवलं तर मंजुळाबाईंनी फटीएवढं उघडलं. महिनाही झाला नाही, पण ओळखू येईनात. आम्हांला बघून लोटूनच घेणार होत्या, पण आत्याबाईंनी उंबऱ्यावर हात जोडले. तुमच्या आईला मी कोणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. "मनं चुकनं, विहीणबाई. तुमना पोऱ्या तसा नही. आयकी ल्या, मंग दार लावा."

मी उंबऱ्यात बसून वाचायला लागले. "त्यांची मांडी मोडली आहे" इथे मी थांबले. वर बघायची हिंमत होईना. मंजुळाबाई म्हणाल्या, "थांबू नको. वाच." मी वाचत गेले. लॉरी, तीन वेळा कापणं, शपथ, थोरल्या मुलाचं मरण, कुबड्या, सगळं. काही गाळलं नाही. पत्र संपलं. मग एकेक विचारायला लागल्या.

"पाय शे ना जागवर?"

"शे," आत्याबाई म्हणाल्या.

"चालस?"

"कुबड्या लई चालस."

"आनि सूनबाई त्यानाजोडे जास? एकली? गाडी लई?"

"जास."

"त्यानी टाकी नही तिले?"

"नही वं माय. नही टाकी."

तेव्हा मंजुळाबाईंनी दार सताड उघडलं, ओट्यावर आल्या आणि दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "पाय मोडना! देवा, नुसता पायच मोडना!" रडत होत्या की हसत होत्या, देव जाणे. गल्लीतल्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं, कोणी गेलं. मंजुळाबाई प्रत्येकीला धरून सांगत सुटल्या, "मना पोऱ्याना पाय मोडना! बाईल टाकेल नही त्यानी, पाय मोडना त्याना!" आत गेल्या, गुळाची भेली आणली आणि खलबत्त्याने फोडून गल्लीभर वाटली. मुलाचा पाय मोडला म्हणून गूळ वाटणारी आई मी तर पाहिली नव्हती. बेबाबाई मला कोपराने ढोसून विचारत होत्या, "डोकावर परिनाम व्हयना का हिना?" मी म्हटलं, नाही, उतरला.

मग चूल पेटली. त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "तुम्ही पानी नही पीवाव, माले माहीत शे." आत्याबाईंनी तांब्या ओढून घेतला आणि घटाघटा प्यायल्या. भाकरीही खाल्ली, मिरचीचा ठेचा दोनदा मागून घेतला. जेवताना दोघींची तुमच्यावर आणि हिलालरावांवर मिळून अशी तोंडं सुटली, की तुम्ही दोघं तिकडे ठसका लागून उठला असाल.

आता निरोप लिहून घ्या. मंजुळाबाईंनी सांगितला तसा लिहिते, हिलालरावांना त्यांच्या बोलीतच वाचून दाखवा: "भाऊ, थोरला गया तधय मी मरनू नही, तुना पायवर का मरसू? वाईट ते पहिले कळाडत जाय. चांगलं मांगेतून उनं तरी चाली. सूनबाईले सांग, चिखलमा सांभाळीसन गाडी चालाड." एवढं सांगून त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्यात गाळलेलं काही नाही ना, याची आत्याबाईंना साक्ष द्यायला लावली.

तुमच्या आईचा निरोप छोटा आहे. पश्चिमेच्या खोलीत त्यांनी आज पुन्हा सरकी भरली. मी विचारलं, आखाजीला काय करायचं? मुऱ्हाळी रिकामाच येणार. त्या सरकी लोटत म्हणाल्या, "लोटनले लिख, एकला ये. पोर तिना घरमा शे."

तिकीट बदलता आलं तर थोडे दिवस राहा, हिलालरावांना काठी धरून चालवा आणि बहिणीकडून काळ्या मातीत गाडी चालवायला शिकून या. निघाल की कळवा. शिरपूरच्या स्टँडवर मी येईन, आणि या वेळी खिडकीतून तोंड फिरवलंत तर तिथेच सोडून परत येईन.

तुमची,
सुमन